कचरू हिवाळ्यांची शेवटची थैली

कचरू हिवाळे यांच्या पोटात गेलेली गोष्ट ओठांवर येत नाही, हे उंद्रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्यांनी उंद्री आणि भोवतालच्या सात गावांत सायकलवरून डाक वाटली. पोस्टकार्डाला पाकीट नसतं. ते वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. पण कचरू कार्डांची चवड पत्त्याची बाजू वर ठेवून बांधायचे आणि दारात पोचल्यावर त्यातलं एक कार्ड पालथंच काढून द्यायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचूनही दाखवायचे. एका सुरात, बाळंतपण असो की मयत, आवाज चढायचा नाही की पडायचा नाही. वाचून झालं की कार्ड परत हातात द्यायचं आणि सायकलला टांग मारायची. पुढच्या दारापर्यंत विसरून जायचं.

या सवयीचा त्यांच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, मोठा राग होता. "अख्ख्या गावाची खबर या मानसाच्या थैलीतून जाते," त्या नळावर सांगत, "अन् शेजारच्या घरी लग्न हाय हे मले मांडव टाकल्यावर दिसते. दुसऱ्यायच्या बायका मलेच येऊन सांगतात, तुमच्या मालकानं कालच पत्र आणलं म्हून."

कचरू हसून सोडून देत. त्यांच्या नोकरीचे दोनच नियम होते आणि ते त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतले होते. थैलीतलं सगळं पोचवायचं, काही मागं ठेवायचं नाही. आणि दुसऱ्याचं काही उघडायचं नाही. २००५ साली निवृत्त होऊन थैली घरच्या खुंटीला लावली तेव्हा दोन्ही नियम शाबूत होते.

त्यानंतरच्या वर्षी दिवाळी झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेची माणसं गावात आली. ज्या घरांत कापूसवाल्या माणसांनी जीव दिला होता, त्या घरांचा ती सर्वे करत होती. उंद्रीत आणि त्या सात गावांत मिळून अशी बरीच घरं होती. घरं कोण दाखवणार? कचरू. दारं कोण उघडून घेणार? तेही कचरूच.

संस्थेच्या एका बाईला घेऊन ते जनकाबाईकडे गेले, पण तिचं दार उघडायला वेळ लागला. तिचा नवरा पोळ्याच्या सुमारास शेतातल्या विहिरीत सापडला होता. कपाशी गेली म्हणून त्यानं जीव दिला, असं गाव म्हणत होतं, पंचनाम्यातही तसंच लिहिलं होतं आणि जनकाबाईनं अंगठाही त्याखालीच उठवला होता. थोरला दीर हिंमतराव घराचा कर्ता. सात एकर रान, अजून वाटणी न झालेलं, सगळा सातबारा त्याच्या आणि जनकाबाईच्या सासूच्या नावावर.

"मले काही सांगाचं नाही," जनकाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. "जे सांगाचं ते तलाठ्याले सांगतलं."

"बाई म्हणते का नाव कुठंच छापणार नाही," कचरू म्हणाले. "फक्त आकडे जाणार हायेत. आतला कागद आतच राह्यते."

"तुमी सांगून राह्यले का ते बाई सांगून राह्यली?"

"मी सांगून राह्यलो."

"मंग बसा म्हना तिले."

बाई आत बसली. कचरू उठून ओट्यावर गेले. जनकाबाईनं पाण्याचा तांब्या दिला, दार ओढून घेतलं. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते; कळू नयेत म्हणून ते ओट्याच्या पार टोकाला सरकून बसले. दीड तासानं सर्वेवाली बाई कागद घेऊन बाहेर आली. तिचे डोळे लाल झाले होते. खाली जनकाबाईचा अंगठा होता आणि शेजारी 'ओळख देणाऱ्याची सही' अशी ओळ. कचरूंनी वरचा मजकूर तळहातानं झाकला आणि सही केली.

मधे दोन हंगाम गेले. कपाशीचं बीटी बियाणं आता प्रत्येकाच्या घरात होतं. पाकिटात बारीक अक्षरांचा घडीचा कागद निघायचा आणि एक लहान पाकीट, साध्या बियाण्याचं, शेताच्या कडेनं पेरायला. लहान पाकीट लोक बांधावर भिरकावून देत. घडीचा कागद मात्र कचरूंकडे येई. "वाचून पाहा ना कचरूभाऊ, काय लिहिलं हाय? औषध कव्हा मारू? हे पाकीट असली हाय का नकली?" भिंगातूनही न दिसणारी अक्षरं. कचरू वाचून दाखवत. पण पत्रातलं जसं समोरच्याला समजायचं तसं यातलं काही समजायचं नाही, त्यांनाही नाही.

२००८ च्या मे महिन्यात मतदार यादीतलं नाव दुरुस्त करायच्या अर्जासाठी ते चिखलीला मुजम्मिलच्या दुकानात गेले. मुजम्मिल आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता चार कम्प्युटर मांडून बसला होता. बोलता बोलता त्यानं पुण्याच्या त्याच संस्थेची साइट उघडून दाखवली. कचरू खुर्ची ओढून बसले ते दोन तास उठले नाहीत. अळ्यांचे फोटो, बोटभर मोठे. लाल्या रोग पडलेलं पान आणि पाण्याविना सुकलेलं पान, शेजारी शेजारी. खरं पाकीट कसं ओळखायचं, ते लहान पाकीट कशाला असतं. सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात.

"हे आमच्या गावात पाह्यजे होतं, मुजम्मिल. पंचायतीच्या वाचनालयात कम्प्युटर हाय, पण इंटरनेट कुठलं आलं. हळद-कुंकू लावून झाकून ठेवलेला हाय."

"मंग घेऊन जा ना चाचा."

"काय?"

"पुरी साइट. सीडीवर देतो टाकून. इंटरनेट नसलं तरी चालते."

त्याच्याकडे त्यासाठी एक सॉफ्टवेअर होतं. हुकूम टाइप करायची गरज नाही. एक खिडकी उघडायची, वर साइटचा पत्ता टाकायचा आणि खाली चौकोन होते त्यांत बरोबरच्या खुणा करायच्या. किती खोल जायचं, कोणत्या प्रकारच्या फाइली घ्यायच्या, दुसऱ्या साइटवर शिरायचं की नाही. मुजम्मिल एकेक चौकोन वाचत गेला.

"फोटो घ्याचे?"

"घे."

"किती खोल जाऊ? तीन पायऱ्या बस होतात."

"तळापर्यंत जाय. थैलीतलं काही मागं ठेवाचं नसते."

"अन् हे पाहा. साइटवाल्यानं काही जागेवर मनाईची पाटी लावलेली असते, का हे उचलू नका. ते सोडून देऊ का? खूण आधीपासून हाय इथं. राहू देऊ?"

कचरूंनी चष्मा वर केला. "आमच्या थैलीत 'गोपनीय' लिहिलेले लिफाफे यायचे, लाखेच्या शिक्क्याचे. म्हून का आपण ते पोस्टात ठेवून घेत होतो? पोचवतच होतो."

"बराबर हाय," मुजम्मिल हसला आणि त्यानं ती खूण काढून टाकली.

एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. तिच्याखाली फाइलींची नावं भराभर पळत होती. मधेच वीज गेली, इन्व्हर्टर लागला, पट्टी पुढं सरकत राहिली. संध्याकाळी मुजम्मिलनं सीडी हातात दिली. "साडेचार हजार फाइली हायेत, चाचा. वाटायच्या आधी एक डाव चाळून घ्या. सगळं घेतलं का नको ते बी येते कधी कधी."

"साइटवर सगळ्यायसाठीच ठेवलेलं हाय. त्यात मी काय चाळू?"

उंद्रीची एक आणि सात गावांच्या सात, अशा आठ सीड्या त्यांनी करून घेतल्या. तीन दिवस सायकल काढून जुन्या रस्त्यानं सातही गावं केली. तीन वर्षांनी खांद्याला पट्टा लागला होता. प्रत्येक ठिकाणी सरपंचाच्या नाहीतर वाचनालयाच्या माणसाच्या हातात सीडी द्यायची, कम्प्युटरवर चढवून घ्यायची आणि पुढं. मृगाच्या पेरण्या तोंडावर होत्या. बायका-माणसं गोळा होऊन पडद्यावरची अळी पाहत होती आणि कचरूंकडे पाहून माना डोलवत होती. नोकरीत कधी झाला नव्हता एवढा मान त्या तीन दिवसांत झाला.

त्याच दिवसांत जनकाबाईचंही मार्गी लागत होतं. दोन वर्षं तोंड मिटून राबल्यावर, नातेवाइकांनी चार वेळा बैठक घातल्यावर, हिंमतराव विहिरीजवळचे दोन एकर तिच्या नावावर करायला कबूल झाला होता. तलाठ्याकडे अर्ज गेला होता. फेरफाराची नोंद व्हायची तेवढी राहिली होती. ती नोंद झाली की तिला कुणाच्या चुलीवर भाकरी मागावी लागणार नव्हती.

पंधरा-सोळा दिवसांनी कचरू वाचनालयात गेले तर बाहेर चपलांचा ढीग होता. आत वाचनालयाचे अध्यक्ष अर्जुनराव, निवृत्त शिक्षक, कम्प्युटरपुढं बसले होते. मागं सात-आठ जण. अर्जुनराव वर्गात धडा वाचावा तसं खड्या आवाजात वाचत होते, आणि मधेच कुणीतरी फिसकन हसलं.

"या, या पोस्टमन!" अर्जुनराव म्हणाले. "कचरू, तू तं लय मोठी ठेव आणली गावात. आमी आपले अळ्याच पाहून राह्यलो होतो. खाली गावाच्या नावानं कप्पे सापडले."

पडद्यावर हातानं लिहिलेला एक कागद होता. फोटो काढलेला, थोडा तिरका. खाली अंगठा.

"उंद्रीचे चौदा हायेत," मागचा एक जण म्हणाला. "काल नऊ झाले. कोन दारू पेत होता, कोनाच्या घरी काय होतं, सगळं बाहीर पडलं."

"हे... हे कोनं टाकलं यात?" कचरूंनी विचारलं.

"कोन म्हंजे? तूच तं आणून देलं बे."

मागच्या बाकावरून हिंमतराव उठला. तो हसत नव्हता. खिशातून त्यानं घडी केलेला कागद काढला, पंचायतीच्या प्रिंटरवर छापलेला, आणि कचरूंपुढं धरला. "माह्या भावाच्या बायकोनं माह्यावर काय आळ घेतला, हे मले दोन वर्सानं समजलं. तुह्या सहीनिशी."

कचरूंना आधी आपली सही दिसली. मग तिच्यावरच्या ओळी दिसायला लागल्या आणि जुन्या सवयीनं त्यांनी नजर काढून घेतली.

"पाहून घे ना आता. काऊन मान फिरवतं?"

"माह्यं नाही ते, हिंमतराव."

"तुह्यं नाही, अन् गावभर वाटलं तूच!" हिंमतरावानं कागद त्यांच्या अंगावर टाकला. "ठेव. माह्यापाशी दुसरा हाय."

कचरूंनी अर्जुनरावांना हात जोडले, ते कप्पे पुसून टाका म्हणाले. अर्जुनराव चष्मा पुसत म्हणाले, "मी काही चोरून आणलं नाही. इंटरनेटवर ठेवलेलं हाय, अख्ख्या जगाले दिसते. मंग गावालेच काऊन नको?" फार मोठ्या हुज्जतीनंतर अर्जुनरावांनी पुसलं. तोवर नऊचे चौदा झाले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते चिखलीला गेले. मुजम्मिलनं साइट उघडली, बराच वेळ शोधलं, तेव्हा आकड्यांच्या एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरातला एक दुवा सापडला. कुणीतरी काम करताना ठेवलेला आणि काढायचा राहिलेला. त्यावर टिचकी मारली की कागदांची खोली उघडी.

"कुलूप नव्हतंच चाचा. नुसती पाटी होती, 'आत येऊ नये.' मानूस इतक्या खाली जात नाही. पण आपलं सॉफ्टवेअर प्रत्येक दुवा धरून जाते." त्यानं माउस बाजूला सारला. "अन् पाटीकडं पाहू नको हे आपणच त्याले सांगतलं."

मुजम्मिलनं पुण्याला फोन लावून दिला. पलीकडून एक सभ्य आवाज आला. आवाजानं सगळं ऐकून घेतलं, खेद व्यक्त केला, आज संध्याकाळपर्यंत ते कागद काढून टाकतो म्हणाला. मग म्हणाला, "पण काका, आमच्याकडे नोंद दिसते आहे. मागच्या महिन्यात, भर दुपारी, चिखलीच्या एका जोडणीवरून चार हजार पाचशे फाइली उतरवल्या गेल्या. मनाई असताना. हे नियमात बसत नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

आपल्या घरातून कुणी, किती वाजता, किती नेलं हे संस्थेला बिनचूक माहीत होतं. आपण काय उघडं टाकलं होतं, ते मात्र आज समजलं. कचरूंनी फोन ठेवला.

संध्याकाळी साइटवरून कागद गेले. संस्थेच्या लेखी प्रकरण तिथं मिटलं. कचरूंचं तिथून सुरू झालं. भर पावसात ते सायकल घेऊन पुन्हा सात गावं फिरले, या वेळी परत मागायला. आयुष्यात दिलेली डाक परत मागायला ते कधी कुणाच्या दारात गेले नव्हते. पाच सीड्या मिळाल्या. एकीवर पोरांनी गाणी भरली होती. एक कुणीतरी पाहायला म्हणून नेली होती. कोण, ते कुणाला आठवत नव्हतं. कम्प्युटरवरचं पुसून घेतलं, पण एका गावात चहावाल्यानं त्यांना पाहून विचारलं, "हिवाळे, तुमच्या उंद्रीच्या त्या बाईचं पुढं काय झालं हो? दिरानं मारलं होतं म्हंते ना नवऱ्याले?"

हँडल धरून चढ चढताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. लाखेच्या शिक्क्याचा लिफाफा आपण पोचवत होतो हे खरं. पण त्यावर नाव असायचं. ते त्या एकाच माणसाच्या हातात पडायचं. पत्ता नसलेलं पाकीट आपण एकतीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. आणि हे साडेचार हजार बिनपत्त्याचे कागद आपण न पाहता आठ गावांत टाकून आलो.

घरी अन्नपूर्णाबाईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. "हिंमतरावानं तलाठ्याकडून अर्ज वापस घेतला. सासूनं तिची चूल उचलून बाहीर ठेवली. पोराले पयलेच धाडलं दुसरबीडले, भावाकडं, उद्या आपण बी जाते म्हंते." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, मग म्हणाल्या, "इतके वर्स घरात एक शब्द सांगतला नाही तुमी. मले राग येत होता, पण गर्व बी होता. आता बाया माह्याकडं पाहून तोंडाले पदर लावतात."

जेवण तसंच राहिलं. जुनी थैली खुंटीला होती. हिंमतरावानं फेकलेला कागद त्यांनी तिच्यातच घडी न उलगडता ठेवला होता.

सकाळी थांब्यावर जनकाबाई एका गाठोड्यासह बसली होती. आजूबाजूला माणसं होती, पण तिच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नव्हतं. कचरू समोर जाऊन उभे राहिले.

"तुमचा कागद," ते म्हणाले. "माह्यापाशी ठेवाचा मले हक्क नाही."

तिनं हात पुढं केला नाही. "काय लिहिलं हाय त्यात?"

"मी वाचलं नाही, बाई."

जनकाबाईनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. "साऱ्या गावानं वाचलं. सात गावानं वाचलं. तुमीच तेवढे नाही वाचलं?" ती हसली, पण ते हसू पाहवत नव्हतं. "मले वाचता येत नाही. बाईनं माह्यं बोलणं कसं लिहिलं, मले ठाऊक नाही. लोक काय वाचून हासले, तेबी ठाऊक नाही. वाचून दाखवा."

कचरूंनी घडी उलगडली. नेहमीच्या सुरात, आवाज न चढवता न पाडता, ते वाचू लागले.

"'घटनेच्या आदल्या दिवशी काय घडले? उत्तर. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून मोठ्या भावाशी भांडण झाले. मोठ्या भावाने बांधावर चार माणसांसमोर खाली पाडून चपलेने मारले. तो घरी येऊन जेवला नाही. मला म्हणाला, माझं तोंड आता कोणाला दाखवू. पहाटे उठून गेला. सासूने मला पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, की पिकाचं सांग, याचं सांगू नको. म्हणून मी तलाठ्याला तसं सांगितलं. हे मी पहिल्यांदा सांगत आहे.'"

शेवटच्या ओळीला सूर मोडला. एकतीस वर्षांत तो पहिल्यांदाच मोडला होता.

"बराबर हाय," जनकाबाई म्हणाली. "एक शब्द इकडचा तिकडं नाही." तिनं कागद घेतला, अंगठ्यावरून बोट फिरवलं, मग शेजारच्या सहीवर ठेवलं. "हे तुमची ना?"

"हो."

"मंग असं करा, कचरूभाऊ. आता झाकाचं काही राह्यलं नाही. मी हा कागद घेऊन तहसीलले जाते. लोकानं वाचला तं सायबानं बी वाचू द्या. हिंमतराव म्हणन, जमिनीसाठी आता बनवून आणलं. तुमी येऊन सांगा, का मी हे दोन वर्साआधीच सांगतलं होतं. तुमी होते तिथं."

चिखलीची गाडी वळणावर दिसली. लोक उठले. खोटं कचरूंना कधी बोलता आलं नव्हतं.

"मी ऐकलं नव्हतं, बाई. तुमी जनकाबाई हाय, एवढीच माही सही हाय. आत काय बोलल्या ते मले... मी ओट्यावर होतो."

जनकाबाईनं कागदाची घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत खोचली.

"हाव," ती म्हणाली. "तुमी बाहीरच बसले होते."

कंडक्टरनं दार उघडलं. "कुठं, मावशी?"

"दुसरबीड."

"थेट नाही जात. चिखलीले बदला." त्यानं गाठोडं वर ओढून घेतलं. "संगं कोनी हाय?"

"कोनी नाही," जनकाबाई म्हणाली आणि चढली.